सकाळी सहाला तापलेलं इंजिन

इथले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगतो, निम्म्यांवर हसतो. कुणाला रस्त्यात बाई दिसते, कुणाच्या घरात पावलं वाजतात... मला आजवर काही दिसलं नाही आणि कधी काही वाजलंही नाही. मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आहे. जळगावहून नशिराबादकडे जाताना हायवेला लागून माझं वर्कशॉप आहे, सतरा वर्षं झाली. हल्लीच्या गाड्यांमध्ये सगळा कारभार कॉम्प्युटर बघतो, आणि तो कॉम्प्युटर काय म्हणतोय ते वाचायचं, एवढंच माझं काम. स्कॅनर जोडला की गाडी स्वतःचं दुखणं स्वतः सांगते. त्यामुळे अमुक गाडीला नजर लागली, तमुक गाडीत काहीतरी आहे असं म्हणत कुणी आलं, की मी त्याला आधी चहा पाजायचो आणि मग फ्यूज बदलून द्यायचो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही माझ्यावर हसणार आहात.

माझी थोरली बहीण अक्का धुळ्याला देवपुरात राहते. दाजी सरकारी नोकरीतून रिटायर झालेत. दोन वर्षांपासून त्यांचं डायलिसिस सुरू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची पाळी. मूलबाळ नाही, अक्काला गाडी येत नाही, म्हणून त्यांनी ड्रायव्हर ठेवला होता. सुपडूभाऊ. पन्नाशीचा माणूस, पिंपळनेरच्या पुढच्या एका खेड्यातला, बोलणं अहिराणी. देवपुरातच खोली घेऊन राहायचा. दाजींना डायलिसिस लागायच्या आधीपासून तो त्यांच्याकडे होता. दाजींना पायऱ्या उतरताना काखेत हात घालून धरायचा, आणि ते काम तो इतकं सहज करायचा की दाजींना आपण आजारी आहोत हे तेवढा वेळ आठवायचं नाही. हे दाजींचंच वाक्य आहे.

मागच्या हिवाळ्यात, डिसेंबर संपता संपता अक्काचा फोन आला.

"संजू, गाडी सकाळी लवकर सुरूच होत नाही रे. नुसती घरघर करते. परवा तर दहा मिनिटं लागली. आमची वेळ गेली तर ते मशीन दुसऱ्या पेशंटला देतात."

"शोरूमवाल्यांना दाखवलं?"

"दोनदा. बॅटरी बदलली, प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला. आता म्हणतात, गाडीत दोषच नाही."

पाच वर्षांची पेट्रोल गाडी. चावी फिरवली की स्टार्टर घरघरत राहतो आणि इंजिन उशिरा पकडतं. असल्या तक्रारी माझ्याकडे आठवड्याला दोन येतात. मी स्कॅनर, एक-दोन सेन्सर आणि हत्यारं घेऊन रविवारी दुपारी धुळ्याला पोचलो.

गाडी पोर्चमध्ये उभी होती. चावी फिरवली, क्षणात सुरू. बंद केली, तासाभराने पुन्हा फिरवली, क्षणात सुरू. कॉम्प्युटरमध्ये बिघाडाची एकही नोंद नाही. अक्का दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आत्ता नाही करत ती. सकाळीच करते."

म्हणून मी मुक्काम केला. सोमवारी सहाला सुपडूभाऊ आला. धुळ्याची थंडी माहीत असलेल्यांना सांगायला नको, बोटं वाकत नव्हती. मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला आणि त्याला म्हटलं, मारा स्टार्टर. घर्र... घर्र... घर्र... मोजून चौदा सेकंद. मग एकदम इंजिन लागलं.

माझं लक्ष स्कॅनरच्या पडद्यावर होतं. बाहेरची हवा अकरा डिग्री. इंजिनचं तापमान एक्क्याऐंशी.

मी हसलो. सापडला चोर! रात्रभर थंडीत उभं असलेलं इंजिन एक्क्याऐंशी डिग्री असणार कसं? म्हणजे तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलतोय. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गरम आहे, म्हणून तो पेट्रोल कमी सोडतो, आणि प्रत्यक्षात गार असलेलं इंजिन तेवढ्यावर पकडत नाही. पुस्तकात असतं तसं सरळ दुखणं. ते हॉस्पिटलमधून आल्यावर दुपारी मी सेन्सर बदलला. खात्री म्हणून मंगळवारी सकाळी सहाला स्वतः चावी फिरवली. इंजिनचं तापमान बारा डिग्री, गाडी पहिल्या झटक्यात सुरू. अक्काने शिरा केला. मी त्याच दिवशी निघणार होतो, पण दाजी म्हणाले, उद्या डायलिसिसचा वार आहे, तेवढं बघून जा.

बुधवारी सकाळी पुन्हा घर्र... घर्र... सोळा सेकंद. पडद्यावर त्र्याऐंशी डिग्री.

नवा सेन्सर. मी खाली उतरलो आणि काही विचार न करता बोनेटवर हात ठेवला.

बोनेट गरम होतं.

उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दोन बोटांना चटका बसला, नंतर फोड आला. पंधरा-वीस सेकंदांत इंजिन इतकं तापत नाही. सेन्सर खोटं बोलत नव्हता. जुनाही नव्हता. इंजिन खरोखर तापलेलं होतं. अर्धा-पाऊण तास गाडी चालवून आणून लावल्यावर असावं तसं. आणि अशी तापलेली गाडी थोडा वेळ उभी करून पुन्हा चालू केली तर काही इंजिनं कुरकुरतात, पेट्रोलच्या नळीत वाफ धरते. म्हणजे तक्रारीचंही उत्तर मिळत होतं.

पण मग ही गाडी पहाटे नेत कोण होतं?

त्या क्षणापासून माझं डोकं एकाच दिशेने धावायला लागलं. चाव्या दोन. एक अक्काकडे, दुसरी सुपडूभाऊकडे. अक्काला गाडी येत नाही आणि ती झोपेची गोळी घेते. फक्त सोम, बुध, शुक्र, म्हणजे त्याच्या कामाच्या वारी. मला वाटलं, हा पहाटे स्टँडवरून भाड्याची एखादी फेरी मारतो, सहाच्या आत गाडी आणून लावतो आणि मग नुकताच आल्यासारखा फाटक उघडतो. किलोमीटरचा आकडा मी रोज लिहून ठेवत होतो, तो वाढलेला नव्हता. पण आकडा थांबवायच्या युक्त्या असतात, मला त्या ठाऊक आहेत. दाजींना सोडून आल्यावर मी मीटर उघडला. मागे एक वायर कापून पुन्हा जोडलेली आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी. आता विचार करतो तर ती गाडीत गाण्यांचा टेप बसवणाऱ्याने केव्हातरी केलेली जोड असेल. दहातल्या आठ गाड्यांत असते. पण त्या दिवशी मला ती हवी होती, आणि ती सापडली.

सुपडूभाऊला पोर्चमध्ये बोलावलं.

"सुपडूभाऊ, खरं सांगा. पहाटे गाडी कुठे नेता?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी? कोठेच नही दादा."

"इंजिन गरम आहे. मी हात लावून बघितलाय. मशीनवर आकडा आलाय."

इथे त्याने खाली बघितलं. हे मी विसरणार नाही, कारण याच एका गोष्टीवर मी त्याला गुन्हेगार ठरवलं. तो दचकला नाही. चिडलाही नाही. इंजिन गरम आहे हे ऐकून त्याला काही नवल वाटलंच नाही. त्याने फक्त खाली बघितलं आणि म्हणाला, "चाबी मन्हाजोडे शे, पन मी गाडी नेयेल नही."

"मग कोण नेतं?"

तो फडकं घेऊन काच पुसायला लागला.

अक्का आतून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला. संध्याकाळी दाजींना सांगितलं तर ते पलंगावर उठून बसले. "संजू, त्याला काढायचं नाही. मी त्याला ओळखतो."

मी म्हणालो, "दाजी, मी माणसं नाही ओळखत, मशीन ओळखतो. आणि मशीन खोटं बोलत नाही."

डायलिसिस झालेल्या माणसाच्या अंगात त्या संध्याकाळी वाद घालायचं त्राण नसतं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मीच सुपडूभाऊला बोलावून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्याने चावी दोन्ही हातांनी दाजींच्या उशीजवळ ठेवली. जाताना एवढंच विचारलं, "शुक्रवारले तुम्हले कोन ली जाई?"

अक्काने चावी उचलून मला दिली.

शुक्रवारी मी नेणार होतो. दोन्ही चाव्या गुरुवारी रात्री माझ्या पँटच्या खिशात होत्या आणि पँट अंगात. फाटकाला माझं कुलूप. पहाटे उठलो तेव्हा मला अगदी निश्चिंत वाटत होतं. सहाला गाडीत बसलो, चावी फिरवली.

घर्र... घर्र... घर्र...

चौऱ्याऐंशी डिग्री.

शेजारच्या सीटवर दाजी होते. पडद्याकडे त्यांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खिडकीची काच वर केली.

तरी माझा संशय गेला नाही. संशयाचं हे एक बघितलं मी, तो जागा बदलतो, जात नाही. तिसरी चावी असेल म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बघितलं, तर नोंद दोनच चाव्यांची. फाटकाचं कुलूप त्याने उघडलं असेल? कुलूप जसंच्या तसं. मग (लिहायला लाज वाटते) मी अक्कावर संशय घेतला. तिला खरंच गाडी येत नाही का? ती ती गोळी खरंच घेते का? चहा पिताना मी तिच्या चपलांकडे बघत होतो, ओली माती लागलीय का म्हणून. तिला ते कळलं. "काय बघतोस?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही.

शेवटी मी गाडीच जळगावला घेऊन आलो. अक्काला सांगितलं, दोन-चार दिवस रिक्षा करा, मी हिला माझ्या डोळ्यांसमोर ठेवतो.

रविवारी संध्याकाळी मी वर्कशॉपमध्ये जे जे केलं ते नीट सांगतो, कारण पुढे तुम्ही हेच विचारणार. गाडी आत घेतली. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या, बॅटरी उचलून टेबलावर ठेवली. किलोमीटरच्या आकड्याचा फोटो आधीच काढला होता. बोनेटच्या फटीवर तीन ठिकाणी कागदी पट्ट्या चिकटवून त्यांवर सह्या केल्या. इंजिन तेव्हा गार होऊ लागलं होतं, तरी मी दोन तास थांबलो, हात लावून पूर्ण गार झाल्याची खात्री केली आणि मगच पट्ट्या लावल्या. लाइटचा मेन स्विच बंद. शटरला दोन कुलपं, दोन्हीच्या चाव्या माझ्याकडे.

सोमवारी पहाटे निघताना बायको उठली. वैशाली शाळेत विज्ञान शिकवते. गेला आठवडाभर मी धुळ्याहून फोनवरही धड बोलत नव्हतो, त्यामुळे तिलाही माझ्याबद्दल काहीतरी वाटायला लागलं असावं. म्हणाली, "मी पण येते. बघू तरी काय चाललंय तुमचं."

सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. कुलपं काढली, शटर अर्धं वर केलं आणि मी तिथेच थांबलो.

आतून आवाज येत होता. टिक्... टिक्... टिक्...

ज्यांनी गाड्यांत काम केलंय त्यांना हा आवाज कळेल. लांबून आलेली गाडी बंद केली की तापलेलं लोखंड गार होता होता असं टिकटिकतं. आयुष्यभर ऐकत आलोय, कधी लक्षही जात नाही. त्या दिवशी मी शटर धरून ती टिकटिक मोजत राहिलो.

वैशालीला त्या आवाजाचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून ती सरळ आत गेली. मोबाइलचा टॉर्च लावून तिने बोनेटवर हात ठेवला. "अहो," ती म्हणाली, "हे तापलंय."

तिन्ही पट्ट्या जागेवर, सह्यांसकट. गाडीची बॅटरी टेबलावर. मेन स्विच बंद. मी पट्ट्या तोडून बोनेट उघडलं. लांबून तापमान मोजायची बंदूक असते माझ्याकडे, तिचा लाल ठिपका इंजिनवर धरला. ब्याऐंशी. गाडीच्या स्कॅनरशी या यंत्राचा काही संबंध नाही. नंतर बॅटरी जोडून किलोमीटर बघितले, फोटोतला आकडा तोच. पेट्रोलचा काटा तिथेच.

मी म्हणालो, "वॉचमन... शेजारच्या गोडाउनचा वॉचमन..."

वैशालीने मला पुरतं बोलू दिलं नाही. "काय करेल वॉचमन? बॅटरीशिवाय इंजिन चालवेल? अजून कुणावर संशय घ्यायचा बाकी ठेवलाय तुम्ही?"

आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. उजाडायला लागलं होतं. सात वाजून गेल्यावर अक्काचा फोन आला. दाजी हॉस्पिटलच्या दारात रिक्षातून उतरताना पडले. रिक्षावाला पुढे बसलेला, अक्का दुसऱ्या बाजूने उतरत होती, धरायला कुणी नव्हतं. ज्या हाताला डायलिसिसची सुई लावतात, त्याच हातावर पडले.

हाड मोडलं नाही, पण हात सुजून टम्म झाला. पुढचे तीन आठवडे त्यांच्या मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. वर्कशॉपमधला प्रकार मी त्यांना सांगितला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला नको सांगू. त्याला जाऊन सांग."

पिंपळनेरला गेलो. सुपडूभाऊ गावाकडच्या कुणाचीतरी कांद्याची पिकअप चालवत होता. मार्केटबाहेर गाडीला टेकून उभा होता. मला बघून पुढे आला आणि पहिलं वाक्य, "साहेबना हात कसा शे?" अक्काने त्याला कळवलं नव्हतं. त्याला कुणाकडून तरी समजलं होतं.

मी माफी मागितली. रस्त्यात, माणसांसमोर. सगळं सांगितलं, बॅटरी, पट्ट्या, तो आवाज. मग तो म्हणाला, "बोनेट गरम राहे, ते माले म्हाईत व्हतं दादा. दिवाळीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणले सांगू?" तो म्हणाला. "चाब्या दोनच. मी गाडी नेयेल नही. मंग राह्यनं कोन? अक्कानं नाव मी कसं लेऊ?"

मला समजायला जरा वेळ लागला. दिवाळीपासून दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी हा माणूस फाटक उघडून बोनेटला हात लावत होता, आणि त्याला वाटत होतं की अक्का पहाटे कुठेतरी जाते. आजारी नवऱ्याला झोपवून. कुठे जाते, का जाते, हे विचारणं आपलं काम नाही असं त्याने ठरवलं. मी पोर्चमध्ये विचारलं तेव्हाही त्याने खाली बघितलं ते याचसाठी. अक्का आत उभी होती.

"तुम्हले मी दिसनू," तो म्हणाला, "माले अक्का दिसनी. दोन्हीबी चुकनूत."

परत या, असं मी म्हणालो. तो लगेच हो म्हणाला नाही. पिकअपचा फेरा संपवून आला, चहा घेतला, मग म्हणाला, "साहेबकरता मी येस. पन चाबी मी घर नेस नही. अक्का सोता बोनेटले हात लाई, मंग मी बसस."

आणि तसंच चाललंय. गाडी पुन्हा धुळ्याला आहे, सुपडूभाऊही आहे. सकाळी सहाला तो फाटकाबाहेर उभा राहतो, आत येत नाही. अक्का शाल गुंडाळून बाहेर येते, बोनेटवर हात ठेवते, "गार आहे सुपडूभाऊ" म्हणते, आणि चावी त्याच्या हातात देते. दाजी काठीवर रेलून हे सगळं बघत थांबतात. मी एकदा म्हटलं, आता कशाला हे? तर अक्का म्हणाली, "राहू दे. त्याला बरं वाटतं." मग शाल सारखी करत म्हणाली, "मलाही."

त्या सोमवारनंतर इंजिन एकदाही गरम सापडलेलं नाही. गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. मी काहीच दुरुस्त केलेलं नाही, बदललेला सेन्सरही काढून पुन्हा जुनाच बसवला होता. पोर्चमध्ये कॅमेरा लावलाय, त्यात मांजराशिवाय कुणी येत नाही. मागचा हिवाळा गेला, हाही निम्मा संपला.

त्या तीन वारांचा, त्या वेळेचा अर्थ काय, हे मी खूप डोकं लावून बघितलं. वैशाली म्हणते, काहीतरी साधं कारण असणारच, आपल्याला ते अजून सापडलेलं नाही. असेल. माझ्या ओळखीच्या चार मेकॅनिकांना विचारलं. दोघं हसले, एकाने विषय बदलला, आणि चौथा म्हणाला, संजूभाऊ, इंजिन तू गार झाल्याची खात्री केलीच नसशील. त्याचा राग आला नाही. मीही हेच म्हणालो असतो.

तुमच्यापैकी कुणाला या धंद्यातली जास्त माहिती असेल तर जरूर सांगा. मी खरंच ऐकायला बसलोय. फक्त सेन्सर बदला असं सांगू नका.